टक्कर का झाली, माणूस का गेला: जीवघेण्या अपघाताचा तपास कसा करावा

कितीतरी जीवघेण्या अपघातांच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात एकच ओळ सापडते: ‘चालकाचा निष्काळजीपणा’. नाहीतर ‘पादचारी अचानक आडवा आला’. ही ओळ खोटी असेलच असं नाही. पण तपास जिथे सुरू व्हायला हवा, तिथेच ती त्याला कुलूप लावते. चालक चुकला हे कळलं, पण तो का चुकला, त्याची चूक कुणाच्याच वेळेत लक्षात का आली नाही आणि त्या चुकीची किंमत एखादं हाड न मोडता थेट जीव का झाली, हे प्रश्न तसेच राहतात.

म्हणून कोरी वही उघडल्यावर पहिल्या पानावर दोन प्रश्न वेगवेगळे लिहावेत. टक्कर का झाली? आणि माणूस का गेला? दोघांची उत्तरं बरेचदा वेगळी निघतात. डुलकीमुळे गाडी रस्ता सोडते, हे पहिल्याचं उत्तर. रस्त्याच्या कडेला उघडा काँक्रीटचा खांब होता आणि मागच्या सीटवरच्या माणसाने पट्टा लावला नव्हता, हे दुसऱ्याचं. पहिल्याच उत्तरावर थांबलात तर खांब तिथेच उभा राहतो.

पुढची सगळी पद्धत एका कल्पित घटनेला धरून सांगतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. समजा, रात्री साडेनऊची वेळ आहे. रुंद, सरळ, कोरडा डांबरी रस्ता. वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर. रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना मोटारीने उडवलं आणि त्या जागीच गेल्या. चालक म्हणतो, ‘बाई एकदम पुढ्यात आल्या, काही कळायच्या आत झालं.’

आधी जीव, मग पुरावा, आणि पुरावाही विरून जाण्याच्या क्रमाने

घटनास्थळी पोहोचल्यावर जखमींना मदत, वाहतुकीपासून संरक्षण, सांडलेलं इंधन आणि तुटलेल्या विजेच्या तारा यांचा बंदोबस्त आधी. तपास करणाराच दुसऱ्या गाडीखाली आल्याची उदाहरणं आहेत. बचाव पथकाने गाडी कापली, दार उपटलं, सीट मागे सरकवली तरी कुरकुर करू नये. फक्त त्यांना नंतर गाठून विचारावं: तुम्ही आलात तेव्हा पट्टा लावलेला होता की तुम्ही कापलात? दिवे चालू होते का? गिअर कुठे होता? तुम्ही काय हलवलंत? ही माणसं सगळ्यात आधी आलेली आणि तटस्थ असतात. तरी त्यांना विचारायचंच राहून जातं.

अपघातातला मृत्यू मोजताना अनेक देश टकरीनंतरचे ३० दिवस धरतात. म्हणजे आज ‘गंभीर जखमी’ म्हणून नोंदलेला माणूस तीन आठवड्यांनी गेला, तर प्रकरण जीवघेण्या अपघाताचं होतं. तोवर घटनास्थळ पुसलेलं असतं. म्हणून जखम गंभीर दिसली की नोंदी पहिल्या दिवसापासून मृत्यूच्या प्रकरणासारख्याच घ्याव्यात.

आता पुरावा. जो आधी नाहीसा होणार तो आधी टिपायचा. गाडीतून गळलेल्या पाण्याचा ओघळ काही मिनिटांत वाळतो. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं पूर्ण आवळू न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीच्या ब्रेकच्या खुणा पुसट असतात. चार गाड्या वरून गेल्या की त्या दिसेनाशा होतात, आणि मुळात त्या तिरक्या प्रकाशात, खाली वाकून, रस्त्याच्या दिशेने पाहिलं तरच नीट दिसतात. दिव्यांची स्थिती, वायपरचा खटका, आरशांचा कोन, सीटचं अंतर हे सगळं टोइंगवाला येईपर्यंतच शाबूत असतं. आसपासच्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं, म्हणून त्याची लेखी मागणी त्याच दिवशी करावी. चित्रणावरची वेळ खऱ्या वेळेशी ताडून फरकही लिहून ठेवावा. कॅमेऱ्याचं घड्याळ मागेपुढे असणं ही रोजची गोष्ट आहे.

फोटो काढताना प्रत्येक गोष्टीचे तीन: लांबून, मध्यम अंतरावरून आणि अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. शिवाय दोन्ही दिशांनी येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.१ मीटरवरून, दर १०–२० मीटरला एक. आपण उभ्याने काढलेल्या फोटोत झुडपामागचा माणूस दिसतो. गाडीत बसलेल्याला तो दिसला नसेल.

मोजमाप: नकाशा असा की उद्या तीच जागा पुन्हा मांडता यावी

ड्रोन, लेझर स्कॅनर किंवा टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं सर्वेक्षणाचं यंत्र) असेल तर उत्तमच. नसेल तर टेप आणि एक न हलणारा बिंदू पुरतो: विजेच्या खांबाचा पाया, पुलाचा कोपरा, मैलाचा दगड. त्या बिंदूपासून रस्त्याच्या कडेने एक सरळ रेषा धरायची. प्रत्येक खुणेसाठी रेषेवरून किती पुढे आणि रेषेपासून किती आत, असे दोन आकडे लिहायचे. वळणावर हे जमत नाही. तिथे दोन स्थिर बिंदूंपासून प्रत्येक वस्तूचं अंतर मोजून त्रिकोण बांधावा. एकाने मोजावं, दुसऱ्याने मोठ्याने परत म्हणून लिहावं. रात्री दमलेल्या हातांनी १६ चे ६१ होतात.

सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त चुकणारा बिंदू म्हणजे प्रत्यक्ष टकरीची जागा. काचांचा सडा पडलेली जागा म्हणजे टकरीची जागा असं समजलं जातं, पण तुकडे गाडीच्या वेगाने पुढे उडत जातात. दोन वाहनांच्या टकरीत टायरची खूण जिथे अचानक मोडते किंवा बाजूला सरकते ती जागा शोधा. दबलेल्या गाडीच्या पोटाने डांबर खोल खणलं असेल, तर तीही. वरवरचे ओरखडे मात्र बहुधा टकरीनंतरच्या फरफटीचे असतात. पादचाऱ्याच्या बाबतीत उडालेली चप्पल किंवा पिशवी जागा सांगत नाही. जागा सांगते ती रस्त्यावरची बुटाच्या तळव्याची घासखूण. ती बोटभर असते, मळकट असते, आणि शोधायला गुडघ्यावर बसावं लागतं.

आपल्या घटनेत अशी खूण सापडली: रस्त्याच्या कडेपासून ८ मीटर आत. ब्रेकची खूण तिच्या १२ मीटर आधी सुरू होते आणि एकूण ३६ मीटर लांब आहे. गाडी खुणेच्या शेवटी थांबलेली. या तीन आकड्यांवर पुढचं बरंच काही उभं राहणार आहे.

खुणेवरून वेग

चाकं आवळून घसरत थांबलेल्या गाडीचा वेग काढायचं सूत्र साधं आहे. २५४ ला घर्षणांकाने, म्हणजे टायर रस्त्याला किती धरतो त्या आकड्याने, गुणा, त्याला घसरणीच्या मीटरमधल्या लांबीने गुणा आणि वर्गमूळ काढा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. कोरड्या डांबराचा घर्षणांक साधारण ०.६ ते ०.८ असतो, ओल्याचा त्याहून कमी, बर्फावर तर ०.१ च्या आसपास. पण पुस्तकातला आकडा उचलणं हा आळस आहे. त्याच रस्त्यावर, त्याच दिशेने, तशाच हवामानात चाचणी करून तो काढावा. चढ-उतार असेल तर हिशेबात धरावा.

समजा चाचणीत ०.७ आला. २५४ × ०.७ × ३६ याचं वर्गमूळ ८०. गाडी ब्रेक लागताना ताशी ८० ने चालली होती. चाचणीतली अनिश्चितता धरून ०.६५ ते ०.७५ घेतला तर वेग ७७ ते ८३ मध्ये पडतो. अहवालात हाच पट्टा लिहायचा. ‘८०.०’ असा दशांशासह ठणकावलेला आकडा उलटतपासणीच्या पहिल्या प्रश्नात पडतो.

गाडी घसरून थांबण्याऐवजी भिंतीला आदळून थांबली असेल, तर आदळतानाचा वेग वेगळा काढून दोन्ही वेगांच्या वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ काढावं लागतं. नुसते वेग एकमेकांत मिळवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. वळणावर बाजूला सरकत गेलेल्या टायरची वक्र, तिरप्या रेषांची खूण निराळी असते. तिथे वक्राची त्रिज्या मोजून वेग निघतो. ती खूण ब्रेकची समजून लांबी मोजली तर उत्तर पूर्ण भरकटतं. खूण ओळखता येत नसेल तर हिशेब करू नये, जाणकाराला बोलवावं.

गाडीतला ईडीआर, म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेत बसवलेला नोंदयंत्राचा भाग, साधारणपणे टकरीआधीच्या ५ सेकंदांचा वेग, ब्रेक, अॅक्सिलरेटर आणि पट्ट्याची स्थिती साठवतो. पण माणसाला धडकताना गाडीला बसणारा धक्का लहान असतो, त्यामुळे पादचाऱ्याच्या टकरीत नोंद झालेलीच नसण्याची शक्यता असते. नोंद असली तरी खुणांशी ताडल्याशिवाय ती अंतिम मानू नये. आणि जाणकार येईपर्यंत गाडीची किल्ली कुणीही फिरवू नये.

‘अचानक’ म्हणजे किती सेकंद?

मला विचाराल तर पूर्ण तपासातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि नेमका तोच बहुतेक वेळा केला जात नाही. जागा आणि वेग हाती आले की घड्याळ उलटं फिरवायचं.

ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरू. अनपेक्षित प्रसंगी रात्री तो जास्तही लागतो, म्हणून शेवटी २ आणि २.५ सेकंद धरूनही हिशेब करून पाहावा. दीड सेकंदात गाडी ३३ मीटर गेली, मग ब्रेक लावून १२ मीटर. म्हणजे चालकाला बाई दिसल्या तेव्हा तो त्यांच्यापासून सुमारे ४५ मीटरवर होता आणि टक्कर व्हायला जेमतेम २.१ सेकंद उरले होते. १२ मीटर ब्रेक लागूनही धडकेच्या क्षणी वेग ६५ होता.

आता बाईंच्या बाजूने पाहू. सेकंदाला १.४ मीटर ही साधारण चालण्याची गती. कडेपासून ८ मीटर यायला ५.७ सेकंद लागले. म्हणजे चालकाला दिसण्याआधी साडेतीन सेकंद त्या रस्त्यावरच होत्या. एकदम पुढ्यात आल्या नव्हत्या, फक्त दिसल्या नव्हत्या. चालक खोटं बोलत असेलच असं नाही. त्याच्यासाठी ते अचानकच होतं. म्हणून खरा प्रश्न असा होतो: त्या साडेतीन सेकंदांत त्या त्याला का दिसल्या नाहीत?

त्याच ४५ मीटरवर ताशी ६० ने चालणाऱ्या गाडीचा हिशेब करा. दीड सेकंदात २५ मीटर आणि ब्रेक लावून थांबायला २० मीटर. गाडी बाईंच्या अगदी पुढ्यात थांबते. कमी वेगात वेळही जास्त मिळतो आणि त्या दोन पावलं पुढे गेलेल्या असतात. म्हणजे वेग हे कारण आहेच. पण दुसरं टोकही पाहा. ८० ने चालणाऱ्या गाडीला थांबायला ३३ अधिक ३६, म्हणजे ६९ मीटर लागतात. बाई ७० मीटरवरून दिसल्या असत्या तर त्या जादा वेगातही गाडी थांबली असती. मग तपास करणाऱ्याने मान वर करून खांबांकडे पाहायचं. समजा, तिथले दोन दिवे बंद निघाले. आता दोन कारणं आहेत, आणि यातलं कुठलंही एक नसतं तर त्या वाचल्या असत्या. कारण एकच असतं हा समज इथे गळून पडतो.

गाडी: आधीचं बिघडलेलं आणि टकरीत मोडलेलं

गाडी तपासताना प्रत्येक मोडतोडीला एकच प्रश्न विचारायचा: हे टकरीआधीचं की नंतरचं? फुटलेला टायर दिसला की ‘टायर फुटून अपघात’ असं लिहून मोकळं होता येत नाही. हवा कमी असताना बराच वेळ चाललेल्या टायरच्या बाजूच्या भिंती आतून घासलेल्या आणि चुरा झालेल्या दिसतात. टकरीत चिरलेल्या टायरला धारदार काप असतो आणि समोरच्या पत्र्यावर त्याचा जोडीदार सापडतो. टायरवरच्या चार अंकांतले पहिले दोन बनवल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ब्रेकमध्ये द्रवाची पातळी, नळ्यांची गळती, अस्तरांची झीज पाहावी. जड वाहनात प्रत्येक चाकाच्या ब्रेकची जुळवणी पाहावी आणि माल किती व कसा भरला होता तेही.

दिवे लागले होते का, हा रात्रीच्या अपघातातला नेहमीचा वाद. जुन्या पद्धतीचा बल्ब असेल तर तो स्वतःच साक्ष देतो. तापलेली तार धक्क्याने ताणली जाते, वाकते. काच फुटली असेल तर त्या तापलेल्या तारेवर पांढरट-पिवळसर भुकटी जमते. थंड तार ठिसूळ असते, ती स्वच्छ तुटते. एलईडीमध्ये ही सोय नाही. सीटच्या पट्ट्यावर आणि तो ज्या कडीतून जातो तिच्या प्लास्टिकवर ताणाच्या, वितळल्याच्या खुणा पाहिल्या की तो खरोखर लावला होता का ते कळतं.

शरीर आणि साक्ष

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांशी तपास करणाऱ्याने प्रत्यक्ष बोलावं. नुसता अहवाल मागवून भागत नाही. पादचाऱ्याच्या पायाचं हाड कुठल्या बाजूने आणि टाचेपासून किती उंचीवर मोडलं हे पाहून बंपरच्या उंचीशी ताडलं की माणूस कुठल्या बाजूने चालत होता ते कळतं. ब्रेक लागले होते का याचाही अंदाज येतो, कारण ब्रेक लागताना गाडीचं नाक खाली झुकतं. पट्ट्याचा वळ कुठल्या खांद्यावर आहे यावरून गाडी कोण चालवत होतं हा वाद मिटू शकतो. कपडे आणि बूट जपून ठेवावेत, कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ओलावा धरून पुरावा कुजतो.

चालकाच्या बाबतीत मद्य आणि औषधांची चाचणी लवकर करावी. त्यासोबत मागच्या ७२ तासांचा जागण्या-झोपण्याचा हिशेबही घ्यावा: कामाची पाळी कधी संपली, किती तास गाडी चालवली, कुणी वेळ गाठायला सांगितलं होतं का. ब्रेकची खूणच नाही आणि गाडी हळूहळू तिरकी होत रस्त्याबाहेर गेली, तर आधी झोपेचा विचार करावा. फोनच्या नोंदी कायदेशीर मार्गानेच मागवाव्यात.

साक्षीदारांना वेगवेगळं भेटावं आणि मोकळा प्रश्न विचारावा: ‘तुम्ही काय पाहिलं ते सुरुवातीपासून सांगा.’ शब्द जपून वापरावेत. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना अपघातांच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. ‘चक्काचूर होत आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल आलं, ‘एकमेकींना लागल्या’ असं म्हटलं तेव्हा ३१.८. चित्रफिती त्याच होत्या. म्हणून साक्षीदाराला वेगाचा आकडा विचारूच नये. गाडी कुठल्या खांबापाशी होती, आवाज आधी ऐकला की दृश्य आधी पाहिलं, असं विचारावं. ‘आवाज आला म्हणून वळून पाहिलं’ म्हणणाऱ्याने टक्कर पाहिलेली नसते, नंतरचं पाहिलेलं असतं.

रस्त्यालाही प्रश्न विचारा

आठवडाभराने त्याच वारी, त्याच वेळी तिथे परत जावं. दिवसा स्वच्छ दिसणारी जागा रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात काळीकुट्ट होते. आधी गाडीतून जावं, मग पायी. मृत व्यक्ती मूल असेल तर मुलाच्या उंचीवरून पाहावं.

वळणावर बाहेरची कड पुरेशी उचललेली आहे का? पाणी कुठे साचतं? डांबर आणि साइडपट्टी यांत पायरी पडली आहे का? उतरलेलं चाक परत वर घेताना त्या पायरीने कितीतरी गाड्या उलटतात. कठड्याचं टोक उघडं, भाल्यासारखं आहे का? आणि लोक इथेच का ओलांडतात? आपल्या घटनेत समजा एका बाजूला बसथांबा, दुसऱ्या बाजूला वस्ती आणि ओलांडायची अधिकृत जागा ४०० मीटर दूर. मग त्या बाई चुकीच्या जागी ओलांडत होत्या असं लिहिण्याआधी ते अंतर पायी चालून पाहावं, हातात सामान घेऊन. आधीच्या नोंदी काढून त्याच जागी पूर्वी काय काय झालं तेही पाहावं, किरकोळ अपघातांसकट.

कारणांची मांडणी आणि अहवाल

अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख, डॉक्टर विल्यम हॅडन यांनी दिलेला तक्ता मांडणीसाठी आजही सर्वांत उपयोगी आहे. आडव्या ओळी तीन: टकरीआधी, टकरीच्या क्षणी, टकरीनंतर. उभे रकाने: माणूस, वाहन, परिसर. परिसरात रस्ता येतो आणि नियम, कामाच्या पद्धतीही. प्रत्येक चौकोन भरायचा. एखादा रिकामा राहिला तर तिथे खरंच काही नव्हतं की आपण पाहिलंच नाही, ते स्वतःला विचारायचं. टकरीनंतरची ओळ बहुधा रिकामी सापडते: मदत किती मिनिटांनी आली, रक्तस्राव कुणी थांबवला, कुठल्या रुग्णालयात का नेलं. ‘माणूस का गेला’ याचं अर्धं उत्तर कधी कधी तिथेच असतं.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ स्वीकारलं. त्यामागचा विचार असा की माणूस चुकणारच, पण चुकीची शिक्षा मृत्यू नसावी. त्यानुसार पादचारी आणि गाड्या जिथे एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची, बाजूने धडक बसू शकते तिथे ५० ची आणि समोरासमोर टक्कर होऊ शकते तिथे ७० ची मर्यादा सुचवली जाते. आपल्या रस्त्याची कायदेशीर मर्यादा ६० होती. लोक पायी ओलांडतात तिथे ती ६० का होती, हेही अहवालात यायला हवं.

लिहिताना तीन थर वेगळे ठेवावेत: जे मोजलं, त्यातून जो निष्कर्ष निघाला आणि जे माझं मत आहे. स्वतःच्या पहिल्या अंदाजाविरुद्धचा पुरावा मुद्दाम शोधावा आणि नाकारलेल्या शक्यता का नाकारल्या तेही लिहावं. ‘अपघात’ या शब्दात नशिबाचा वास येतो म्हणून बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकाने २००१ मध्ये इंग्रजीतला तसा शब्द वापरणं सोडलं. मराठीत तो सोडणं अवघड आहे, पण ‘दुर्दैवी’ हे विशेषण तरी तपासाच्या कागदावर नको.

शिफारस कुणी अमलात आणायची ते नाव, हुद्दा आणि मुदतीसह लिहावं: दिवे कोण दुरुस्त करणार, ओलांडायची जागा थांब्यापाशी कोण आणणार, वेग कमी करणारे उंचवटे कधीपर्यंत. अहवाल घरच्यांना देण्याआधी त्यांच्यासोबत बसून तो वाचावा. त्यांना घर्षणांक नको असतो. तिला दिसलं होतं का, दुखलं का, आणि ती चुकली होती का, हे त्यांना विचारायचं असतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर साडेतीन सेकंदांच्या त्या हिशेबात आहे, आणि ते त्यांना समजेल अशा शब्दांत सांगता आलं पाहिजे.

मूळ वही, न कापलेले फोटो आणि चाचणीचे आकडे जसेच्या तसे जपून ठेवावेत. सहा महिन्यांनी, रात्री साडेनऊला, पुन्हा त्या जागी जावं. दिवे लागलेत का ते पाहून त्याच फाइलच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहावं.